‘इंग्रजांनी लावलेली आग’ हे कारण आता पुरे

टिळकवाडीकर: परवापासून एक पोस्ट फिरतेय. बेळगावचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद ही इंग्रजांची ‘फोडा आणि झोडा’ नीती, तेव्हा मराठी-कन्नड भांडण विसरा, असं त्यात आहे. वाहवा करणारे पुष्कळ निघाले, म्हणून लिहितोय. इंग्रज १९४७ ला गेले. राज्य पुनर्रचना कायदा १९५६ चा, आपल्याच संसदेनं केलेला. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात याच वादात गोळ्या चालल्या त्या स्वतंत्र भारतात. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्ध उतरलेल्या माणसांवर बेळगावजवळच्या हिंडलग्यात गोळीबार झाला, तेव्हा कुठला गोरा कलेक्टर होता? लंडनकडं बोट दाखवलं की दिल्ली, मुंबई, बेंगळूर तिघंही सुटतात.

निपाणीकर: राग कळला, खरं इतिहास अर्धाच सांगताय. बेळगाव जिल्हा केला कुणी? १८३६ ला धारवाडातून तोडून कंपनी सरकारनं. १९५५ ला राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं गाव न बघता मुख्यतः जिल्हाच धरला. कलेक्टरच्या कारभाराची रेघ आपण भाषेची रेघ म्हणून चालवली. वारसा म्हणतात तो हाच.

टिळकवाडीकर: मग चंदगड? बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका, १९५६ ला काढून कोल्हापूरला जोडला. म्हणजे रेघ मोडता येत होती. त्याच जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याला मोडली नाही, तो निर्णय आपल्याच राज्यकर्त्यांचा.

शहापूरचा मागवाला: जिल्हा काय घेऊन बसलाय! आमचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, खेटून बेळगाव इंग्रजांचं. आजोबा लुगडी विकायला रोज हद्द ओलांडायचे. गिऱ्हाईक कन्नड, सूत देणारा मराठी, घरात दोन्ही भाषा. आता मागच बंद पडालेत, त्यावर कोण पोस्ट टाकतंय?

धारवाडची लेक: मी कन्नड घरातली, बेळगावच्या मराठी घरात नांदतेय, म्हणून दोन्हीकडचं ऐकलंय. मुंबई इलाख्यात आमच्याकडच्या कन्नड मुलांना मराठी शाळेत बसवायचे, कचेरीतही मराठी चालायची. शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी जीव टाकला, १८९० ला धारवाडात कन्नडसाठी विद्यावर्धक संघ निघाला, ते याच जाचातून. माझ्या आजोबांना मराठी पाढे येत नाहीत म्हणून छड्या बसल्यात. तेव्हाच्या राज्यात मराठीला झुकतं माप मिळालं, हे १ नोव्हेंबरला मराठी लोक कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन पाळतात, त्याच्या भाषणात कधी ऐकलं नाही मी.

खानापूरकर: वहिनी, तुमच्या आजोबांच्या छड्यांची भरपाई माझ्या बापानं का करायची? वाटणीच्या वेळी उतारा कन्नडमध्ये. बाप मराठी सातवी शिकलेला, त्याला आपल्याच शेताचा कागद वाचता येईना. कचेरीबाहेर पैसे मोजून वाचून घेतला, आणि त्यात भावाचं क्षेत्र चुकलेलं नंतर कळलं. घटनेत ३५०ए कलम आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्या म्हणून. कागदाचं काय?

निपाणीकर: मातृभाषा म्हणताय, तुमची पोरं कुठल्या माध्यमात आहेत?

खानापूरकर: इंग्रजी. गावच्या मराठी शाळेत चार वर्गांना एक मास्तर, काय करू? घरापर्यंत यायचं काम नाही हां!

निपाणीकर: मीही तेच केलंय, म्हणून विचारलं. मराठी शाळा ओस, कन्नड शाळा ओस, आणि इंग्रजी शाळेच्या गाड्या दोन्ही गल्ल्यांतून भरून जातात. मेकॉलेनं १८३५ ला इंग्रजी शिक्षणाचं जे मांडलं ते आपण हौसेनं फी भरून चालवतोय.

धारवाडची लेक: हौसेनं नाही. नोकरीची मुलाखत इंग्रजीत होते, म्हणून. माझ्या मुलाला दोन्ही आज्यांची भाषा येते, लिहिता एकही येत नाही. हे मला छातीत टोचतं. आणि खानापूरकर, उताऱ्याचं तुमचं बरोबर आहे. कन्नडबरोबर मराठीत द्यायला कुणाचं काय जातं? खरं दुसऱ्या राज्याच्या बसवर काळं फासून तो मिळणार नाही.

खानापूरकर: फासणाऱ्यांना मी कधीच पाठिंबा दिला नाही.

टिळकवाडीकर: जिल्ह्याचा मुद्दा आणि धारवाडच्या शाळांचा मुद्दा, दोन्ही मान्य. मनापासून नाही, खरं नाकारता येत नाहीत. तरी २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो कर्नाटक आणि केंद्राविरुद्ध आहे, इंग्रजांविरुद्ध नव्हे.

निपाणीकर: त्या दाव्यात महाराष्ट्र काय मागतोय? गाव हा घटक धरा, जिल्हा नको. मग मी वेगळं काय म्हटलं? तुमचं उत्तर त्या पोस्टीपेक्षा बरं आहे, एवढं मानतो. पुढच्या वेळी १८३६ पासून सुरुवात करा.