बी.एस्सी. गणित, बी.एड. चालू. आश्रमशाळेत शिकवायला जावं का?

त्रिज्या:
नमस्कार. राहायला सांगलीत, बी.एड.चं शेवटचं वर्ष. संध्याकाळी एका क्लासमध्ये नववी-दहावीचं गणित घेते. मला आदिवासी भागात शिकवायचंय, डोक्यात नंदुरबार नाहीतर गडचिरोली आहे. घरचे म्हणतात, लोक तिथली बदली रद्द करायला धडपडतात आणि तू आपण होऊन निघालीस! दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का? आणि जाताना नेमकी काय तयारी करून जावं? प्रेरणादायी भाषणं नकोत, प्लीज.

फाइलवाला:
टीईटीचा पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. नववी-दहावीला टीईटीची अट नाही, तरी देऊन ठेवा, जागा कुठल्या गटात निघतील सांगता येत नाही. पवित्र पोर्टलसाठी (शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल) टीएआयटी, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, हवीच: 200 प्रश्न, त्यातले 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन 18,000. शासकीय आश्रमशाळा मात्र जिल्हा परिषदेच्या नाहीत, आदिवासी विकास विभागाच्या आहेत. त्या विभागाच्या जाहिरातींवर वेगळी नजर ठेवा. आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळा केंद्राच्या, तिथं भरती देशपातळीवर होते.

अक्राणीची बाई:
मी मूळची बार्शीची, नंदुरबारच्या धडगाव (अक्राणी) तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गणित शिकवते. वयानं मोठी आहे म्हणून "तू"च म्हणते, राग मानू नकोस.

तयारी विचारलीस ना? मग दहावीचं बीजगणित जरा बाजूला ठेव आणि वजाबाकी शिकवायला शीक. थट्टा नाही करत. नववीतला मुलगा, 402 वजा 178, उत्तर 376. हे अंदाजपंचे ठोकलेलं नाही. प्रत्येक घरात त्यानं मोठ्यातून लहान काढलाय: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. अगदी इमानेइतबारे. हातच्याची वजाबाकी कशी शिकवायची हे पुस्तकात सापडतं, पण मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात तिसरीचं पुस्तक कसं द्यायचं ते कोणी सांगत नाही. दिलंस तर दुसऱ्या दिवशी तो वर्गात नसतो.

त्यालाच विचारलं, खिशात चारशे दोन रुपये आहेत, बाजारात एकशे अठ्ठ्याहत्तरचं सामान घेतलंस, उरले किती? थोडा थांबला आणि "दोनशे चोवीस" म्हणाला. मग कागदाच्या चार शंभराच्या नोटा आणि दोन रुपये टेबलावर ठेवले. म्हटलं, दे मला एकशे अठ्ठ्याहत्तर. एक शंभराची दिली आणि अडला. दुसरी शंभराची मोडून मागितली, दहाच्या दहा घेतल्या, मग त्यातली एक मोडून सुटे. आता हेच वहीत लिही, म्हटलं. तास संपला, बहुपदी राहिल्या. राहू देत. हे न करता मी बहुपदींची वजाबाकी घेतली असती, तर तिथंही त्यानं तेच केलं असतं.

दुसरं म्हणजे हजेरी. दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. शाळा निवासी, म्हणजे मुलं मागं राहतील असा हिशोब, पण धाकट्यांना सांभाळायला थोरल्या मुलींना घेऊन जातातच. परततात होळीला, सातपुड्यात होळीएवढा मोठा सण दुसरा नाही. तोवर बोर्डाची परीक्षा आलेली असते. म्हणून समरूपता आणि वर्तुळ मी दिवाळीआधी उरकते, नंतर नुसता सराव.

भाषेचं फार मनावर घेऊ नकोस. लहान वर्गांना पावरी-भिलोरीशिवाय पान हलत नाही, तिथं दहावीतल्या एखाद्या मुलीला शेजारी उभी करायची. नववीपर्यंत मराठी येते, फक्त शाब्दिक उदाहरणात "अनुक्रमे" आलं की पेन थांबतं.

आणि आश्रमशाळेची खरी जमेची बाजू कोणी सांगत नाही: संध्याकाळी मुलं तिथंच असतात! सांगलीत याच वेळेचे क्लासवाले पैसे घेतात. पण तो वेळ गिळायला दहा कामं टपलेली. बँक खात्यांच्या याद्या, दाखले, ताप आलेलं पोर दवाखान्यात नेणं. रुजू झाल्याझाल्या मुख्याध्यापकांशी बोलून जेवणाआधीचा एक तास गणिताचा करून घे. थोडा वाईटपणा आला तरी चालेल, नंतर तो तास मिळत नाही.

भामरागडचा मास्तर:
बाईंशी सहमत, पण एक भर. आमच्याकडे गडचिरोलीत तेंदूपानांचं पुडकं 70 पानांचं आणि मजुरी शंभर पुडक्यांवर. सत्तरचा पाढा पोरांना विचारून बघा, तुम्हीच मागं पडाल. मात्र सगळं गणित बाजारात आणि जंगलात नेऊन बसवू नका. आदिवासी मूल म्हटलं की मोहफुलं मोजायला लावायची, याचा मला कंटाळा आलाय. पायथागोरसची त्रिकुटं शोधायला द्या. 7 चा वर्ग 49, त्याचे शेजारशेजारचे दोन भाग 24 आणि 25, झालं 7-24-25. आता 9 चं काढा, 11 चं काढा. माझ्या आठवीतल्या पोरांनी फळा भरवला, वर "सम संख्येचं का जमत नाही?" म्हणून मलाच घेरलं.

त्रिज्या:
मॅडम, सर, मनापासून आभार. समजा आधी तासिका तत्त्वावर (तासागणिक पैसे) किंवा कंत्राटी जागा मिळाली, तर घ्यावी का?

फाइलवाला:
टीएआयटीचा अभ्यास सोडणार नसाल तर एक सत्र करा. बाह्य संस्थेमार्फत भरतीवरून 2025 मध्ये नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालयासमोर कर्मचाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं होतं, ते वाचून घ्या. मानधन किती हे जाहिरातीत असतं, हातात कधी पडतं ते तिथं आधी काम केलेल्यालाच विचारा.

अक्राणीची बाई:
@मास्तर, मोहफुलांचं पटलं.
@त्रिज्या, ठरवायच्या आधी एकदा येऊन जा, पण हिवाळ्यात नको. तेव्हा सगळ्यांनाच सातपुडा आवडतो. ऑगस्टमध्ये ये, शहाद्याहून धडगावला एसटी आहे. रेंज जाईल, लाइट जाईल, घाटात गाडी खोळंबेल. येताना खोकाभर कंपासपेट्या आण, इथं वर्गात चार असतात.