मदत हवी आहे: मामांच्या लिव्हर ऑपरेशननंतरचे ब्लड रिपोर्ट

राम राम मंडळी, आमच्या मामांचं लिव्हर कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता घरी राजारामपुरीत आहेत, तब्येत बरी, तांबडा-पांढरा कधी म्हणून रोज विचारत्यात. एएफपी (लिव्हर कॅन्सरची रक्तातली खूण) आधी ४०० च्या वर होता, आता ३८ आलाय, डॉक्टर म्हणाले उतरतोय ते चांगलं, परत चढला तर स्कॅन करू. एवढं कळलं. पण धाकट्या भावानं कुठंतरी वाचलं की सीबीसीतल्या (रक्तपेशींची तपासणी) न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं (दोन्ही पांढऱ्या पेशी) भागायचं, आकडा जास्त आला तर कॅन्सर परत यायचा धोका जास्त, झालं, मोबाईलवर भागाकार केला तर ५ च्या वर आला आणि मामीची झोपच उडाली. पण तो रिपोर्ट ऑपरेशननंतर लगेचचा हाय, जखम ताजी असताना न्यूट्रोफिल वाढणारच की! मग ऑपरेशनआधीचा सीबीसी धरायचा का? अल्ब्युमिन-बिलिरुबिनवरनं एएलबीआय ग्रेड (लिव्हर किती नीट काम करतंय त्याची) काढतात, ती पण आधीचीच बघायची का?

अजून एक, पिव्हका-२ टेस्ट (ही पण लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) कोल्हापुरात होते का सॅम्पल बाहेर पाठवतात? मामांना वॉरफेरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू हाय, त्यानं ती उगाच वाढीव येते म्हणे. लॅबवाले किंवा डॉक्टर कोण असतील तर सांगा. काढे-बिढे नकोत प्लीज.