‘विकारविलसित’मधला विकार कोणता?

फूटलाइट: हॅम्लेटच्या मराठी प्रयोगाच्या माहितीपत्रकात आगरकरांच्या १८८३च्या भाषांतराचा उल्लेख येतोय. ‘विकारविलसित’ या नावाचा अर्थ एका ओळीत द्यायचा आहे. ‘मनोविकारांचा खेळ’ असं लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं की नाटक मानसिक आजारावर आहे असं वाटेल. ‘भावनांचा खेळ’ मिळमिळीत वाटतं. काय लिहावं?

शुद्धमती: मनोविकारच ठेवा. विकार म्हणजे आजार हा अर्थ दवाखान्यांच्या पाट्यांनी पसरवला. व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद विकारी, कारण त्यांचं रूप बदलतं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या नाट्यवर्गात तर ‘विकारो मानसो भावः’, म्हणजे मनाचा विकार तो भाव, आणि लगेच पुढे ‘अनुभावो भावबोधकः’, म्हणजे तो भाव कळवणारा तो अनुभाव. शब्द नाटकाच्याच घरचा आहे.

रोखठोक: पाट्यांना दोष नको. ‘विकारो धातुवैषम्यम्’, म्हणजे शरीरातल्या धातूंचा तोल बिघडणं तो विकार, हे आयुर्वेदाच्या चरकसंहितेत आहे. दोन्ही अर्थ जुनेच. पण आजच्या वाचकाच्या कानात हृदयविकार बसलाय आणि पत्रक त्याच्यासाठी आहे. ‘मनातल्या खळबळीचा खेळ’ लिहा.

शुद्धमती: खळबळीत ‘विलसित’ हरवतं. आतलं बाहेर झळकणं ही त्या शब्दाची खरी जागा.

तिसरी घंटा: इथे शुद्धमतींशी सहमत, आणि पुरावा नाटकातच आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ट्रॉयची राणी हेक्युबा हिचं दुःख म्हणून दाखवणाऱ्या नटाबद्दल हॅम्लेट बोलतो: चेहरा फिका पडला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज फुटला. आपल्या आठ सात्त्विक भावांतले, म्हणजे अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांतले, तीन एका दमात आले, वैवर्ण्य, अश्रू, स्वरभंग. हॅम्लेटला छळतं ते हेच. नटाला कारण नसताना विकार झळकला, आणि स्वतःला बापाच्या खुनाचं कारण असून काही होत नाही.
तालमीत घोटाळा होतो तो नट थेट ‘दुःख’ करायला जातो तेव्हा. नाटकाच्या संहितेत कडेच्या कोऱ्या जागेत विकाराचं नाव लिहूच नये. विभाव लिहावा, म्हणजे या क्षणी काय दिसलं, काय ऐकलं. ‘इथे रडवेला’ असं लिहिलं की प्रत्येक प्रयोगात तोच चेहरा चिकटवला जातो.

रोखठोक: तालमीत विभाव कोण म्हणतं? ‘क्यू’ म्हणतात, ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि काम होतं.

तिसरी घंटा: क्यू म्हणजे तोंड कधी उघडायचं ते. विभाव म्हणजे का उघडायचं ते. क्यू अचूक घेऊनही वाक्य कोरडं पडतं ते यामुळेच.

काकपद: मग हॅम्लेटच्या बापाचा खून करून राजा झालेल्या क्लॉडियसचं काय? नाटकातल्या नाटकात कानात विष ओतणं आधी मूकनाट्यात दिसतं, तेव्हा राजा हलत नाही. तेच पुन्हा बोलून होतं तेव्हा मात्र उठतो आणि दिवे मागतो. पहिल्या वेळी विकार नव्हता का? म्हणून काहीजण मूकनाट्य कापतात, काहीजण राजाला राणीशी बोलण्यात गुंतवतात. माझ्या मते तो तेव्हा अवहित्थात, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर न दिसू देण्यात, असतो. ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन राहणाऱ्या, भावांपैकी हा एक, अमरकोशात ‘आकारगुप्ति’. मला तरी तो मूळ ‘अ-बहिःस्थ’ वाटतो, बाहेर न येऊ दिलेला. याला रोजचा मराठी शब्द काय?

रोखठोक: आव आणणे.

शुद्धमती: आव नसलेल्याचा आणतात. असलेलं लपवणं वेगळं. ‘गिळणं’ जवळचं, राग गिळला, अपमान गिळला.

काकपद: भीती गिळली असं म्हणतो का आपण?

शुद्धमती: आवंढा गिळतो. पण तो तर दिसतोच.

तिसरी घंटा: दिसायलाच हवा. काहीच दिसलं नाही तर शेवटच्या रांगेला राजा निर्विकार वाटेल. घाम तिथवर पोचत नाही, म्हणून नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात स्वेदासाठी पंखा घेणं, घाम पुसणं, वाऱ्याची इच्छा दाखवणं सांगितलंय. क्लॉडियसने मूकनाट्यात पेला ओठांपर्यंत नेऊन न पिता खाली ठेवावा. पण एकदाच. दुसऱ्यांदा केलं की प्रेक्षक पेल्याकडे बघत बसतात.

फूटलाइट: पत्रक उद्या छापायला जातंय. मनोविकार की खळबळ?

काकपद: ‘दबा’ चालेल का, अवहित्थाला?