प्रेमकथा सोडून मनात घर करून राहिलेलं नातं कोणतं?

वाचनवेडी:
गाजलेल्या जोड्या म्हटलं की लगेच नायक-नायिकांची नावं येतात. मला दुसऱ्याच जोड्या हव्या आहेत.

माझ्या डोक्यातून 'सामना' चित्रपटातले मास्तर आणि हिंदुराव जात नाहीत. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले आणि कुठून तरी गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव त्याला घरात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि हा माणूस त्याचंच अन्न खाऊन गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारत राहतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" लोक याला वैर म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. हिंदुरावाच्या भोवती सगळी मान डोलावणारी माणसं; बरोबरीनं बोलणारा एकटा मास्तर. तो आपल्या मुळावर उठलाय हे कळूनही हिंदुरावाला तो समोर हवा असतो. निळूभाऊंच्या नजरेत रागाबरोबर ही ओढही दिसते, म्हणून तो खलनायक मला सपाट वाटत नाही.

तुमच्या मनातली अशी जोडी सांगा. नुसतं नाव नको, का आवडते तेही लिहा.

रातराणी:
'श्वास' चित्रपटातले आजोबा आणि परशा. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, आणि हे एवढ्याशा पोराला सांगायचं कसं? ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून घेऊन निघून जातात, शहर दाखवायला. डॉक्टर भडकतात, आणि त्यांचंही चूक नाही. अरुण नलावड्यांनी तो म्हातारा कुठेही रडका होऊ दिलेला नाही.

पारावरचा:
माझं मत व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीला. पोरसवदा मास्तर आणि म्हातारा कारभारी. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायची तर आधी गावाचा विश्वास मिळवावा लागतो, आणि तो कारभाऱ्यामुळे मिळतो. पुढे मास्तर सगळ्यांचीच कामं करू लागतो, कुणाचा अर्ज लिही, कुणाचं सामान आण. त्यातच कारभाऱ्याची मुलगी अंजी चोळी शिवून आणायला सांगते. तोही आणून देतो. एवढ्यावरून कुजबुज होते आणि कारभारी बोलायचा थांबतो. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसता अबोला. माडगूळकर तिथे एकही शब्द जास्तीचा खर्च करत नाहीत. मास्तराचं काही चुकलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि म्हाताऱ्याचंही दुखणं कळतं. शिवाय आयबू आहे, मास्तराच्या पाठीशी कायम उभा. त्याच्यावर वेगळा धागा काढायला हवा.

शब्दप्रेमी:
पांडुरंग आणि मनी, भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला'. मनीची पानं मोजकीच. पांडुरंग पुण्यात असताना धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते. त्याचं दुःख नीटनेटकं नाही, संतापानं भरलेलं आहे. मला दोन बहिणी आहेत. तो भाग मी सलग वाचूच शकत नाही.

वाचनवेडी:
@शब्दप्रेमी, त्या संतापाबद्दल अगदी बरोबर. नेमाड्यांनी १९६३ मध्ये भावाचं प्रेम शोकगीतासारखं न लिहिता असं ओबडधोबड ठेवलं, म्हणून ते खरं वाटतं.

@पारावरचा, तुमचा अबोला मास्तर-हिंदुरावांच्या शेजारी ठेवून पाहिला. तिथे दोघं बोलत राहतात आणि त्यातूनच सगळं उघडं पडतं. इथे न बोलण्यानं. मला तुमची जोडी जास्त अवघड वाटते, कारण 'सामना'त मी कुणाच्या बाजूनं आहे हे मला ठाऊक असतं. बनगरवाडीत मी दोघांच्याही बाजूनं आहे.

रातराणी:
'बनगरवाडी' मी वाचलेली नाही. आधी पुस्तक की आधी अमोल पालेकरांचा १९९५चा चित्रपट?

पारावरचा:
आधी पुस्तक. लहानसंच आहे. आणि वाचून झालं की अंजीबद्दल काय वाटलं ते इथे नक्की लिहा, तिच्या बाजूनं कुणी बोलतच नाही.