डेटा सफिशियन्सी: दोन चल आणि दोन समीकरणे दिसली की उत्तर ‘सी’ धरावे का?

सह्यवाट (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात नोकरी सांभाळून जीमॅटची, म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत आहे. क्वांट विभागातली गणिते वेळेत सुटतात, परंतु डेटा इनसाइट्स विभागातल्या डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नांत (दिलेली दोन विधाने उत्तर ठरवायला पुरेशी आहेत का, एवढेच ज्यांत सांगायचे असते) माझा तर्क आणि उत्तरसूची यांचा मेळ बसत नाही. सरावात आलेल्या प्रश्नांच्या धर्तीवर दोन उदाहरणे देतो. पर्याय नेहमीचेच आहेत: ए म्हणजे फक्त पहिले विधान पुरेसे, बी म्हणजे फक्त दुसरे, सी म्हणजे दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी, डी म्हणजे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे आणि ई म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरी.

पहिला प्रश्न: एका ग्राहकाने ४० रुपयांच्या काही वह्या आणि २७ रुपयांची काही पेने घेतली, वह्या किती? विधान १: एकूण बिल ३८९ रुपये झाले. विधान २: वह्या आणि पेने मिळून १२ नग होते.

दुसरा प्रश्न: न हा धन पूर्णांक आहे, न ला ६ ने पूर्ण भाग जातो का? विधान १: न ला ९ ने भागल्यास बाकी ४ उरते. विधान २: न ला ४ ने भागल्यास बाकी २ उरते.

पहिल्यात अज्ञात राशी दोन असल्याने समीकरणेही दोन लागतील, म्हणून सी हे उत्तर मला योग्य वाटते. दुसऱ्यात पहिल्या विधानावरून ‘भाग जात नाही’ असे निघते, म्हणजे ते विधान प्रश्नाला होकार देत नाही. मग ते पुरेसे कसे म्हणायचे? दोन्ही प्रश्नांचे अपेक्षित उत्तर ए आहे. सूत्रे मला येतात. विचार कोणत्या क्रमाने करायचा हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

अंकनाद

दहावीच्या बीजगणितात आपण एकसामयिक समीकरणे शिकतो आणि ‘जितके चल तितकी समीकरणे’ हा नियम तेव्हापासून मनात पक्का बसतो. तो नियम खोटा नाही, पण चलाची किंमत कोणतीही वास्तव संख्या असू शकते असे त्यात गृहीत धरलेले असते. वह्या आणि पेने अर्धी-पाव विकत मिळत नाहीत, त्यामुळे दोन्ही संख्या पूर्ण आणि ऋण नसलेल्या असणार, ही तिसरी अट प्रश्नात न लिहिताही लागू आहे.

आता फक्त विधान १ घ्या. वह्यांची रक्कम ४० च्या पटीत असल्याने तिचा एकक अंक शून्यच येणार. बिल ३८९ आहे, म्हणून पेनांच्या रकमेचा एकक अंक ९ हवा. २७ ला ज्या संख्येने गुणल्यावर एकक ९ येतो तिचा स्वतःचा एकक ७ असतो, म्हणजे पेने ७, १७, २७ अशीच असू शकतात. १७ पेनांचेच ४५९ रुपये होतात, ते बिलापेक्षा जास्त आहेत. उरली ७ पेने: त्यांचे १८९ रुपये वजा केले की २०० राहतात आणि वह्या ५ ठरतात. एकाच समीकरणातून एकच उत्तर निघाले. विधान २ मध्ये किमतींशी जोडणारी काहीच माहिती नाही, त्यामुळे ते एकटे अपुरे आहे आणि उत्तर ए येते.

याचा अर्थ असे दिसले की डोळे झाकून ए निवडावा असा मात्र होत नाही. पेनाची किंमत ३० आणि बिल ३९० करून पाहा. आता वह्या ०, ३, ६ किंवा ९ यांपैकी कितीही असू शकतात. विधान १ अपुरे पडते, विधान २ जोडले की वह्या ३ आणि पेने ९ एवढीच जोडी उरते आणि उत्तर सी होते. किंवा मूळचे सगळे आकडे तसेच ठेवून फक्त वस्तू बदला: ४० रुपये किलोचा गहू, २७ रुपये किलोची ज्वारी, बिल ३८९ रुपये आणि एकूण वजन १२ किलो. धान्य अर्धा किंवा पाऊण किलोही घेता येते, त्यामुळे विधान १ ला असंख्य जोड्या जुळतात आणि उत्तर पुन्हा सी. समीकरण अक्षरशः तेच राहिले, तरी उत्तर बदलले. म्हणून माझा आग्रह असा की समीकरणे मोजण्याआधी अज्ञात राशी कोणत्या प्रकारची आहे ते कागदावर लिहावे: पूर्णांक आहे का, धन आहे का, शून्य चालेल का. हे लिहायला फार वेळ लागत नाही आणि अशा प्रश्नांतला बराचसा पेच तिथेच सुटतो.

उंबरठा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. ‘पुरेसे’ याचा अर्थ प्रश्नाचे एकच निश्चित उत्तर मिळणे एवढाच आहे. ते उत्तर ‘नेहमी हो’ असले तरी चालते आणि ‘कधीच नाही’ असले तरी तितकेच चालते. न ला ९ ने भागून ४ उरत असतील तर ३ ने भागल्यावर १ उरणार, म्हणजे ३ ने भाग जाणार नाही आणि मग ६ ने भाग जाण्याचा प्रश्नच येत नाही. उत्तर ठाम नकारार्थी आहे, म्हणून विधान १ पुरेसे. विधान २ ला २ ही संख्या जुळते आणि ६ ही जुळते. एकीसाठी उत्तर ‘नाही’ आणि दुसरीसाठी ‘हो’, म्हणून ते अपुरे.

इथे एक पडताळा हाताशी ठेवावा. या परीक्षेत दोन विधाने कधीही परस्परविरोधी नसतात; वरच्या दोन्ही विधानांना २२ ही संख्या एकाच वेळी जुळते. त्यामुळे एका विधानावरून ‘नेहमी हो’ आणि दुसऱ्यावरून ‘कधीच नाही’ असे आले, तर आपल्याच आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे हे नक्की समजावे आणि पर्याय न निवडता मागे जाऊन पाहावे.

आपण जुने पुस्तक वापरत असाल तर त्यात हे प्रश्न क्वांटमध्ये सापडतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या स्वरूपात ते डेटा इनसाइट्समध्ये आले आणि त्यात निव्वळ तर्काचे, आकडे नसलेले प्रश्नही येऊ शकतात. त्यांचा सराव वेगळा करावा, कारण गणितात पक्के असलेले विद्यार्थीही तिथे अडखळतात. एक नमुना देते.

अनघा, बिपिन, चारू आणि दिनेश यांच्यातून नेमके दोघे निवडले गेले. अनघा निवडली गेली का? विधान १: बिपिन निवडला गेला असेल, तर अनघाही निवडली गेली आहे. विधान २: बिपिन निवडला गेलेला नाही.

पुष्कळ जण दोन्ही विधाने एकत्र करून ‘बिपिन नाही, म्हणून अनघाही नाही’ असे म्हणतात आणि सी निवडतात. पण विधान १ फक्त बिपिन निवडला गेल्यास काय होते ते सांगते. तो नसेल तेव्हा ते काहीच सांगत नाही. बिपिन वगळला की अनघा-चारू, अनघा-दिनेश आणि चारू-दिनेश या तिन्ही जोड्या शक्य राहतात आणि तिसऱ्या जोडीत अनघा नाही. म्हणून उत्तर ई. याउलट विधान २ ‘चारू आणि दिनेश यांच्यापैकी नेमके एकच निवडले गेले’ असे असते, तर दुसरी जागा अनघा किंवा बिपिन यांच्यापैकी एकाला मिळाली असती. बिपिनला ती मिळाली तर अनघालाही घ्यावे लागते आणि दोघांची मर्यादा मोडते, म्हणून अनघाच ठरते आणि उत्तर सी होते.

सह्यवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गहू-ज्वारीच्या उदाहरणाने माझी अडचण नेमकी कुठे होती ते उलगडले. एक शंका अजून उरते. विभागात २० प्रश्न आणि ४५ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे. एवढ्या वेळात ‘दुसरे उत्तर शक्यच नाही’ अशी खात्री कशी करून घ्यावी?

अंकनाद

खात्री करण्याच्या उद्देशाने सुरुवात न करता विधान मोडण्याच्या उद्देशाने करावी. एक किंमत घेऊन उत्तर काढावे आणि लगेच वेगळे उत्तर देणारी दुसरी किंमत मुद्दाम शोधावी. ती सापडली की विधान अपुरे ठरले, तिथेच थांबावे. समजा प्रश्न आहे, ‘क्ष १ पेक्षा मोठा आहे का?’ आणि विधान १ सांगते की क्ष चा वर्ग क्ष पेक्षा मोठा आहे. २ घेतल्यास ‘हो’ येते. आता उणे २ घ्या: वर्ग ४, तोही उणे २ पेक्षा मोठा, पण प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. दोन किमतींत निकाल लागला. विधान २ ‘क्ष धन आहे’ असे असेल तर तेही एकटे अपुरे आहे, परंतु दोन्ही एकत्र घेतल्यावर असमानतेच्या दोन्ही बाजूंना क्ष ने निर्धास्त भागता येते आणि क्ष १ पेक्षा मोठा हे सिद्ध होते. उत्तर सी. चिन्ह माहीत नसताना असा भागाकार करू नये.

किमती निवडताना शून्य, एक, एखादी ऋण संख्या आणि शून्य व एक यांच्यामधला अपूर्णांक यांना आधी हात घालावा. आपण सवयीने २, ३, ५ घेतो आणि नेमक्या त्याच संख्यांना सगळे नियम लागू पडतात. चारही किमती घेऊन विधान मोडले नाही, तर मग बीजगणिताने सिद्धता करायला घ्यावी. या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण अशा प्रश्नांत तो उघडण्याची इच्छा झाली तर विधान पुरेसे आहे का हे ठरवण्याऐवजी आपण उत्तरच शोधत बसलो आहोत का, हे तपासावे. विभागाच्या शेवटी वेळ उरल्यास तीन उत्तरे बदलता येतात. पहिल्या फेरीत ज्या सी वर शंका आली ते प्रश्न खुणा करून त्यासाठी राखून ठेवावेत.