दिनविशेषानुसार चित्रपट निवडण्यासाठी मदत हवी आहे

आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर त्या दिवसाच्या जयंती-पुण्यतिथीला साजेसा चित्रपट ओटीटीवर पाहण्याचा परिपाठ आम्ही सुरू केला आहे. १७ ऑक्टोबर म्हणजे स्मिता पाटील यांची जयंती, त्यामुळे 'उंबरठा' ठरलेला. १८ नोव्हेंबरला व्ही. शांताराम यांचा 'कुंकू'. अशा ठळक तारखा सहज सुटतात. खरी अडचण तिथीची आहे. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते आणि तिची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे १९३६ चा 'संत तुकाराम' कोणत्या रात्रीसाठी राखून ठेवायचा हे प्रत्येक वेळी पंचांग उघडूनच ठरवावे लागते.

मराठी विकिपीडियावरील दिनविशेषांवरून मी एक्सेलमध्ये यादी केली आहे. मात्र ओटीटीच्या शोधपेटीत नाव किंवा कलाकार घालता येतो, तारीख नाही. चित्रपट कुठे उपलब्ध आहे हे सांगणारे एक संकेतस्थळही वापरून पाहिले, परंतु तेथे जुन्या मराठी चित्रपटांच्या नोंदी तुटपुंज्या आढळल्या. यूट्यूबवरील अधिकृत प्रती चालतील, फक्त चोरून चढवलेल्या नकोत. घरात अमराठी सूनबाई असल्याने इंग्रजी उपशीर्षके असलेली प्रत मिळाल्यास उत्तम. लांबी अडीच तासांच्या आत हवी, कारण सकाळी सर्वांनाच कामाला जायचे असते.

तिथी आणि तारीख दोन्ही आपोआप जुळवून आठवडाभर आधी आठवण देणारी दिनदर्शिका कोणी वापरत आहे काय, आणि जुने मराठी चित्रपट सध्या कोणत्या ओटीटीवर आहेत हे खात्रीने कोठे पाहता येईल?