पूर्वतयारीच्या वर्षात आध्यात्मिक वाचनाचा क्रम कसा लावावा?

प्रश्न: सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेच्या) पहिल्या, म्हणजे पूर्वतयारीच्या वर्षासाठी वाचन ठरवायचं आहे. रोज २० मिनिटं मिळतात. काही ब्रदर (तिथले विद्यार्थी) थेट संत योहान ऑफ द क्रॉस यांची 'अंधारी रात्र' मागतात, म्हणजे प्रार्थनेतली गोडी आटण्याच्या काळावरचं पुस्तक. द्यावी का?

उत्तर १: आत्ता नको. थॉमस अ केम्पिस यांचं 'ख्रिस्तानुकरण' घ्या. चार भाग, ११४ प्रकरणं. रोज एक धरलं तर चार महिन्यांच्या आत होतं. तिसऱ्या भागातली लांब प्रकरणं दोन दिवसांत फोडा. मात्र पुस्तक मठातल्या जीवनातून आलंय. 'माणसांपासून दूर राहा' हे धर्मप्रांतीय धर्मगुरूला (मठात नव्हे, लोकांमध्ये काम करणाऱ्याला) जसंच्या तसं लागू केलं, तर पुढे पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायात, अवघड जातं. म्हणून त्यानंतर लगेच संत फ्रान्सिस द सेल्स यांचं 'भक्तिमय जीवनाची ओळख' (Introduction to the Devout Life, १६०९), संसारात राहणाऱ्यांसाठी लिहिलेलं. पहिल्या भागात १० मननं आहेत, दिवसाला एकच.

उत्तर २: 'अंधारी रात्र'बद्दल सहमत. जागरणाने आलेल्या कंटाळ्यालाही मुलं 'रात्र' म्हणू लागतात! पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात तीन खुणा दिल्यात: देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगाच्याही नाही, आपण देवाची सेवा करत नाही ही सततची खंत, पूर्वीसारखं मनन जमत नाही. तिन्ही एकत्र हव्यात. गोडी फक्त प्रार्थनेतली गेली आणि मोबाइलमधली टिकली, तर तो निव्वळ आळस.

उत्तर ३: या वाचनावर परीक्षा घेऊ नका, मुलं सारांश पाठ करतात. वहीत रोज अडलेलं एक वाक्य लिहायचं आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या भेटीत तेवढंच काढायचं.